कै. चिंतामणराव देशमुख : सहीमागचा माणूस

दरवर्षी स्मरणिकेचे काम हाती घेतले की ज्ञातीतील अनेक कुटुंबांशी आमचा नव्याने परिचय होतो. कोणी जुनी छायाचित्रे दाखवितात, कोणी वंशावळ उलगडून पुढे ठेवतात, तर कोणी माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढून त्यातील जुनी नाणी आमच्या पुढ्यात ओततात. यंदा महाड व पोलादपूर भागातील काही घरी जाण्याचा योग आला तेव्हा असे चार-पाच डबे पाहावयास मिळाले. डबा उघडला की घरातील तरुण मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असे: याची किंमत काय येईल? आणि वडीलधाऱ्यांचा दुसरा प्रश्नही ठरलेला: यातले ठेवावे काय आणि टाकावे काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नाही, व ते देण्याची आम्हांस हौसही नाही. दुसऱ्या प्रश्नाने मात्र आम्हांस विचारात पाडले. संग्राहक काय निवडतो आणि का निवडतो, याचा शोध घेता घेता आम्ही ज्या एका थोर पुरुषाच्या चरित्रापाशी येऊन थांबलो, त्याची सही त्या डब्यांतीलच एका जीर्ण दहा रुपयांच्या नोटेवर होती. ते चरित्र आपल्या ज्ञातीतील प्रत्येक मुलास ठाऊक असले पाहिजे, म्हणून ते येथे थोडक्यात सांगतो.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाड तालुक्यातील नाते या गावी झाला. महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या वाटेवर हे गाव लागते. त्यांचे वडील द्वारकानाथ गणेश देशमुख हे वकील होते व मातोश्रींचे नाव भागीरथीबाई. घराणे आपल्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीतील. चिंतामणरावांचे बालपण बरेचसे रोह्यास गेले. परंतु जन्मभूमीचा विचार करावयाचा तर ते रायगडाच्या छायेतील लेकरू होय.

आणि रायगड म्हटला की नाण्यांचा विषय आपोआपच येतो. ६ जून १६७४ रोजी या गडावर शिवछत्रपतींस राज्याभिषेक झाला आणि त्यांच्या नावाचे सोन्याचे होन व तांब्याच्या शिवराया पाडल्या गेल्या. एका बाजूस श्री राजा शिव आणि दुसऱ्या बाजूस छत्रपति अशी देवनागरी अक्षरे त्यांवर आहेत. फारसी अक्षरांची नाणी सर्वत्र चालत असता आपल्या लिपीत आपले नाव कोरणे ही केवळ व्यवहाराची सोय नव्हती, ती स्वराज्याची द्वाही होती. होन आज अत्यंत दुर्मिळ आहेत. शिवराई मात्र महाराजांच्या पश्चातही पाडली जात राहिली, पेशवाईत चालली आणि इंग्रजी अमदानीतही खेड्यापाड्यांच्या बाजारात दीर्घकाळ फिरत राहिली. म्हणून ती अद्याप सामान्य माणसाच्या डब्यात सापडते. ती गोळा करणारे अक्षरांचे वळण पाहतात, शब्दांच्या लेखनातील भेद पाहतात, मधल्या रेघा एकेरी की दुहेरी ते पाहतात. दुहेरी रेघेच्या शिवराईस दुदांडी हे नावच पडले आहे. एकाच नाण्याचे शेकडो नमुने जमविणाऱ्यास लोक वेडा म्हणतात. परंतु त्या वेडामागे एक प्रकारची भक्ती आहे हे आपण ओळखले पाहिजे.

संग्राहकांचे प्रकार पुष्कळ आहेत. कोणी एका राजवटीची नाणी घेतो. कोणी एका नाण्याची सगळी वर्षे पुरी करण्याच्या मागे लागतो, आणि मग १९३९ सालचा चांदीचा रुपया मिळत नाही म्हणून आयुष्यभर हळहळतो. तो रुपया इतका दुर्मिळ की त्याच्या बनावट प्रतीच बाजारात अधिक दिसतात. कोणास चुकीचे आकर्षण. १९११ सालच्या रुपयावर पंचम जॉर्ज बादशहाच्या झग्यावरील हत्ती लोकांस डुकरासारखा दिसला, त्यावरून गवगवा झाला, आणि सरकारला तो साचा बदलावा लागला. आज तो रुपया याच कारणासाठी शोधला जातो. कोणी टांकसाळीच्या खुणा पाहतो. दुसऱ्या महायुद्धात निघालेला भोकाचा पैसा आपल्या आजी-आजोबांच्या चांगल्या ओळखीचा होता. तो मुंबईचा की लाहोरचा, हे त्यावरील बारीकशा चिन्हावरून ठरविणारे रसिक आहेत. कोणी नोटेचा क्रमांक आपल्या जन्मतारखेशी जुळतो का ते पाहतो. आणि कोणी नोटेवरची सही पाहतो. या शेवटच्या वर्गाने चिंतामणरावांचे नाव जपून ठेवले आहे.

परंतु सहीपर्यंत पोचण्याआधी माणसाकडे पाहू. चिंतामणराव १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. पुढे ते केंब्रिजच्या जीझस कॉलेजात गेले. तेथे वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व भूगर्भशास्त्र हे विषय घेऊन १९१७ साली त्यांनी पदवी घेतली आणि वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिकही पटकावले. १९१८ साली लंडनला झालेल्या आय. सी. एस. परीक्षेत त्यांचा क्रमांक पहिला होता. ज्या परीक्षेच्या दारात भल्याभल्यांची छाती दडपे, तिथे कुलाबा जिल्ह्यातील एक मुलगा सर्वांच्या पुढे उभा राहिला, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

मध्यप्रांत व वऱ्हाडात त्यांनी सुमारे वीस वर्षे नोकरी केली. जमाबंदीचे काम, जिल्ह्याचा कारभार, पुढे प्रांताचे अर्थखाते, अशा पायऱ्या चढत ते गेले. १९३१ साली दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी ते तिच्या सचिवालयात होते. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी आकड्यांच्या अरण्यात शिरला आणि तेथेच रमला. संस्कृताची गोडी मात्र त्यांनी कधी सोडली नाही. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठी पद्यात आणले आणि स्वतः संस्कृत काव्यरचनाही केली. आकडे आणि अक्षरे या दोहोंशी इतका जिव्हाळा असणारी माणसे फार थोडी.

जुलै १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले. ही बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली होती. येथे एक योगायोग नोंदविण्यासारखा आहे. या बँकेच्या स्थापनेपूर्वी हिंदुस्थानच्या चलनाचा प्रश्न ज्या हिल्टन यंग आयोगापुढे आला, त्यापुढे साक्ष देणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला होता. तेच बाबासाहेब २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावावयास आले, आणि त्या सत्याग्रहास साहाय्य करणाऱ्यांत महाडचे सुरेंद्रनाथ टिपणीस व अनंतराव चित्रे ही आपल्या ज्ञातीची मंडळी होती. रुपयाचा विचार करणाऱ्या दोन थोर पुरुषांची नावे अशी या एका तालुक्याशी जोडली गेली आहेत. महाडकरांनी याचा अभिमान बाळगावा तेवढा थोडा.

बँकेत चिंतामणराव प्रथम सरकार व बँक यांमधील संपर्क अधिकारी, मग मध्यवर्ती मंडळाचे सचिव, १९४१ साली डेप्युटी गव्हर्नर असे चढत गेले. गव्हर्नर सर जेम्स टेलर १९४३ च्या फेब्रुवारीत निवर्तले, आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी चिंतामणराव गव्हर्नर झाले. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. ३० जून १९४९ पर्यंत ते त्या पदावर होते.

या सहा वर्षांत निघालेल्या नोटा आज संग्राहकांच्या जिव्हाळ्याचा विषय आहेत. रिझर्व्ह बँकेची पहिली नोट १९३८ च्या जानेवारीत निघाली, ती पाच रुपयांची. तीवर टेलरसाहेबांची सही होती. पुढे टेलर यांच्या जागी देशमुख अशी सही आली. चित्र तेच, सहावे जॉर्ज बादशहांचे. वचन तेच, रक्कम देण्याचे. परंतु वचन देणारा हात बदलला. हा बदल लहान दिसतो, पण संग्राहकाच्या डोळ्यांना तोच दिसतो. काही नोटांवर बादशहाचा चेहरा कडेने आहे, काहींवर समोरून. दोन, पाच, दहा, शंभर असे भेद आहेत. एक रुपयाच्या नोटेवर मात्र गव्हर्नरची सही नसे, ती अर्थसचिवाची असे. म्हणून देशमुखांची सही शोधणाऱ्याने एक रुपयाच्या नोटेत वेळ दवडू नये, हेही नवशिक्यास सांगून ठेवतो.

बादशहाचे चित्र आणि खाली मराठी माणसाची सही, हे दृश्य पाहून काही जणांच्या मनात किंतु येतो. परक्या राज्याची चाकरीच ना ती, असे एका घरी आम्हांस विचारण्यात आले. प्रश्न करणारा मुलगा कॉलेजात शिकणारा होता आणि त्याच्या प्रश्नात खोच होती. आम्ही त्यास उडवाउडवीचे उत्तर दिले नाही. चाकरी होती हे खरे. परंतु तो काळ असा होता की युद्धाच्या खर्चाने चलन फुगत चालले होते, महागाईने माणसे हैराण झाली होती, बंगालात भीषण दुष्काळ पडला होता. चांदी वाचविण्यासाठी १९४० साली रुपयातील चांदी निम्म्यावर आणण्यात आली आणि १९४७ साली रुपया निकेलचा झाला. अशा वेळी देशाची तिजोरी जाणत्या हाती असणे अगत्याचे होते. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक यांची पायाभरणी करणारी परिषद भरली, तेव्हा हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात चिंतामणराव होते. राज्य परक्यांचे होते, पण ज्या लोकांचा पैसा होता ते आपले होते. सही त्या लोकांच्या वतीने होती, असे आम्ही मानतो. मुलाचे समाधान झाले की नाही, हे सांगता येत नाही. पण त्याने ती नोट परत डब्यात न टाकता वहीच्या दोन पानांत नीट ठेवली, हे आम्ही पाहिले.

त्यांच्या कारकिर्दीतील आणखी काही प्रसंग चलनाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहेत. जानेवारी १९४६ मध्ये सरकारने वटहुकूम काढून पाचशे, हजार व दहा हजार रुपयांच्या नोटा रद्द केल्या. पुढे १९७८ साली व नंतर ८ नोव्हेंबर २०१६ रोजी तसे प्रसंग पुन्हा आले, त्यामुळे हा अनुभव नव्या पिढीसही नवा नाही. फाळणीनंतर काही काळ रिझर्व्ह बँक हीच दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक होती, आणि तिच्याच नोटांवर पाकिस्तान सरकार अशी अक्षरे वरून छापून त्या तिकडे चालविल्या गेल्या. एका नाते गावच्या माणसाची सही अशी दोन देशांच्या बाजारांत फिरली. घर वाटले गेले तरी काही दिवस किल्ली एकच राहते, तसा तो प्रकार होता. १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले, तेही त्यांच्याच देखरेखीखाली.

यानंतरचा भाग अधिक मनोवेधक आहे. १९५० च्या जूनमध्ये चिंतामणराव देशाचे अर्थमंत्री झाले. त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी प्रजासत्ताकाची पहिली नाणी व्यवहारात आली. बादशहाचा मुखवटा गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले; रुपयावर गव्हाच्या ओंब्या, आण्यांवर वशिंडाचा बैल, पैशावर घोडा. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आपल्या कुलाबा जिल्ह्याने त्यांस लोकसभेत पाठविले. १९५५ साली इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि १९५६ च्या जानेवारीत आयुर्विम्याचा धंदा सरकारने हाती घेतला. १९५५ सालीच नाण्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन रुपयाचे शंभर भाग करण्याचे ठरले.

सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै हा हिशेब ज्यांच्या हाडीमासी खिळला होता, त्यांना हा बदल सोपा गेला नाही. १ एप्रिल १९५७ पासून नवा पैसा सुरू झाला. आण्याचे सहा नवे पैसे, दोन आण्यांचे बारा, परंतु चार आण्यांचे मात्र पंचवीस, हे गणित दुकानदारास व गिऱ्हाइकास भांडणाला पुरत असे. १ जून १९६४ पासून नवा हा शब्द गळला आणि नुसता पैसा उरला. पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ नंतर चलनातून गेले, तरी चार आणे हा शब्द महाडच्या बाजारपेठेत अद्याप कानी पडतो.

परंतु नवा पैसा लोकांच्या हाती आला तेव्हा चिंतामणराव अर्थमंत्री नव्हते. १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळे ठेवून केंद्राच्या ताब्यात देण्याची घोषणा झाली. मुंबईत लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळ्यांनी माणसे मेली. चिंतामणरावांनी राजीनामा देऊ केला आणि जुलै १९५६ मध्ये लोकसभेत आपली भूमिका स्पष्ट मांडून ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले. ते जन्मजात राजकारणी नव्हते, गर्दीसमोर गर्जना करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. आयुष्यभर शिस्तीत वाढलेल्या या माणसाने देशातील सर्वांत वजनदार खात्यांपैकी एक खाते आपल्या लोकांच्या न्यायासाठी शांतपणे ठेवून दिले. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, त्यात त्या राजीनाम्याचाही वाटा आहे.

ज्या नाण्यांचा कायदा त्यांच्या मंत्रिपदाच्या काळात झाला, त्या नाण्यांवर त्यांचे नाव नाही. ज्या नोटांवर त्यांचे नाव आहे, त्यांवर बादशहाचे चित्र आहे. संग्रहात दोन्ही शेजारी ठेवले तरच त्यांचे चरित्र पुरे होते. दहाची ती जीर्ण नोट आणि तांबूस रंगाचा एक नवा पैसा, अशी जोडी आम्ही त्या घरी एका पुठ्ठ्यावर लावून दिली. बाजारात त्या जोडीस कोणी विशेष मोल देणार नाही, पण आमच्या मते त्या डब्यातील तीच सर्वांत मोलाची वस्तू होय.

पुढील वर्षांत त्यांनी विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्षपद भूषविले, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद १९६२ ते १९६७ पर्यंत सांभाळले, आणि दिल्लीतील इंडिया इंटरनॅशनल सेंटर या संस्थेची उभारणी केली. १९५९ साली त्यांस मॅगसेसे पुरस्कार व १९७५ साली पद्मविभूषण मिळाले. १९६९ साली ते राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीस उभे राहिले, पण यश आले नाही. प्रथम पत्नी रोझिना यांच्या निधनानंतर १९५३ साली त्यांनी समाजकार्यकर्त्या दुर्गाबाई यांच्याशी विवाह केला. हे दांपत्य त्या काळी सार्वजनिक जीवनात आदर्श मानले जाई. दुर्गाबाई १९८१ साली गेल्या आणि २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे चिंतामणरावांनीही देह ठेवला.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळतो. काय ठेवावे? आमचे उत्तर असे: ज्याची गोष्ट तुमच्या घरास ठाऊक आहे ते आधी ठेवावे. पणजीने लग्नात ओटीत घेतलेला रुपया, आजोबांच्या पहिल्या पगारातील नोट, गावच्या जत्रेत उरलेला भोकाचा पैसा, यांस बाजारभाव असो वा नसो. प्रत्येकाबरोबर एक चिठ्ठी ठेवावी: कोणाचे, कोठून आले, कोणत्या साली. चिठ्ठीविना नाणे मुके असते. त्यानंतर आपल्या भूमीचे ठेवावे, म्हणजे शिवराई. आणि त्यानंतर आपल्या माणसांचे, म्हणजे देशमुखांच्या सहीची एखादी नोट.

काही व्यवहाराच्या सूचनाही कराव्याशा वाटतात. तांब्याची नाणी चिंच लावून घासू नयेत. चकाकी येते, पण अक्षरे झिजतात आणि नाण्याचा जीव जातो. नोटा घडी घालून ठेवू नयेत. २०२१ च्या जुलैत सावित्रीस आलेला महापूर महाडकर विसरलेले नाहीत. तेव्हा असे डबे तळघरात वा जमिनीलगत न ठेवता वरच्या मजल्यावर ठेवावेत व आतील वस्तूंची छायाचित्रे काढून दुसऱ्या गावच्या नातलगांकडे द्यावीत. रायगडावर वा शेतात नाणी सापडल्यास ती खिशात घालू नयेत. १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक मोलाचा असा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे. २०१६ साली रद्द झालेल्या पाचशे-हजारांच्या नोटा आठवण म्हणून ठेवावयाच्या तर कायद्याने दहापर्यंतच ठेवता येतात. अभ्यासासाठी वा नाणकशास्त्रासाठी ही मर्यादा पंचवीस आहे. मुलांना नाणी दाखवावयाची तर मुंबईस फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेचे नाणे-संग्रहालय आहे, तेथे एकदा अवश्य न्यावे.

चिंतामणरावांनी आपल्या सहीने लाखो लोकांस वचन दिले आणि प्रसंग आला तेव्हा पद सोडून शब्दाची किंमत दाखविली. वचन देणे आणि वचन पाळणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात दिसाव्यात, असे क्वचित घडते. आपल्या घरातील डबा यंदाच्या दिवाळीत एकदा उघडावा, मुलांस जवळ बसवून त्या नोटेवरची सही वाचून दाखवावी आणि सहीमागचा माणूस कोण होता, कोठला होता, हे सांगावे, एवढीच ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची नम्र विनंती आहे.